दुर्बल पुरावा आणि त्याचे दोन विपर्यास



पारलिंगी मुलांवरील उपचारांविषयीच्या मागील अंकातील पत्रात, इंग्लंडच्या कॅस अहवालाने जवळजवळ सर्व संशोधन फेटाळले, असे विधान आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही. डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ मधील अंतिम अहवालासाठी यॉर्क विद्यापीठाने पद्धतशीर आढावे घेतले, म्हणजे उपलब्ध अभ्यास आधी ठरवलेल्या निकषांवर पारखले. यौवनारंभ रोखणारी औषधे व संप्रेरके यांवरील १०३ अभ्यासांपैकी २ उच्च आणि ५८ मध्यम दर्जाचे ठरले व या साठांचेही निष्कर्ष विचारात घेतले गेले.

मात्र त्याच अहवालाने हे उपचार घातक ठरवले, असे सांगणारेही तितकेच चुकतात. अहवालाला पुरावा दुर्बल आढळला, आणि पुरावा दुर्बल असतो तेव्हा लाभ आणि हानी या दोहोंविषयी खात्रीने बोलता येत नाही. कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णापासून दडवणारी चाचणी येथे जवळजवळ अशक्य आहे, कारण आवाजातील किंवा शरीरातील बदल लपत नाहीत; म्हणून रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा हाच मुख्य आधार उरतो. सुमारे ९००० रुग्णांचा असा अभ्यास योजला असता, एक वगळता सर्व प्रौढ लिंगओळख दवाखान्यांनी त्या वेळी माहिती देण्यास नकार दिला, ही या प्रकरणातील सर्वांत खेदजनक बाब होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात लिंगविसंगती मानसिक विकारांतून वगळली, याचा अर्थ काळजीपूर्वक निदानाची गरज संपली असाही नाही. दोन्ही पक्षांनी अहवाल मुळातून वाचावा.