तरवार म्यान केल्यावर

ज्यानें आपलें सारें आयुष्य सैन्यांत घालविलें, त्याच्या हातीं देशाच्या संरक्षणखात्याची सूत्रें द्यावींत कीं न द्यावींत, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा दिसतो. वैद्यकी वैद्यानें करावी, शेती शेतकऱ्यानें करावी. मग युद्धखात्याचा कारभार योद्ध्यानें कां करूं नये, असें कोणीहि विचारील. परंतु सैन्य हें राष्ट्राचें सेवक असावें, धनी नसावें, आणि त्यावर हुकमत लोकांनीं निवडलेल्यांची असावी, हें लोकसत्ताक राष्ट्रांचें मूळ तत्त्व आहे. या दोन बाजूंचा मेळ एका पुरुषाच्या चरित्रांत कसा बसला, तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें. हा पुरुष म्हणजे अमेरिकेचे सेनापति जॉर्ज मार्शल.

मार्शल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० रोजीं पेनसिल्व्हानियांतील युनियनटाउन या गांवीं झाला. शाळेंत ते हुशार म्हणून गाजले नव्हते. व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयांत जाण्याची वेळ आली, तेव्हां त्यांचा थोरला भाऊ आईस म्हणाला कीं, याला तेथें पाठवूं नकोस, हा घराण्याच्या नांवास बट्टा लावील. तें बोलणें धाकट्याच्या कानीं पडलें. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. मात्र शेवटच्या वर्षीं त्या विद्यालयांतील सर्व छात्रांचा तो प्रमुख झाला होता. १९०२ सालीं सैन्यांत अधिकारी म्हणून नेमणूक झाल्यावर कप्तान होण्यास त्यांस १४ वर्षें लागलीं.

पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, फ्रान्समध्यें सरसेनापति पर्शिंग हे एका पथकाच्या अधिकाऱ्यांस सर्वांसमक्ष कडक शब्दांत बोलूं लागले. तो ठपका अन्यायाचा होता. मार्शल पुढें झाले व त्यांनीं खरी वस्तुस्थिति सेनापतींच्या तोंडावर सांगितली. आतां यांची नोकरी संपली, असें सोबत्यांस वाटलें. पण पुढें पर्शिंग यांनीं त्यांसच आपल्या निकट ठेवून घेतलें. १९३८ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं विमानें बांधण्याची एक योजना मांडली. बैठकींतील इतरांनीं माना डोलाविल्या. मार्शल यांनीं मात्र आपणांस ती पटत नाहीं असें स्पष्ट सांगितलें. त्याच रूझवेल्टांनीं पुढच्या वर्षीं त्यांस सैन्यप्रमुख नेमलें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे जर्मनीनें पोलंडवर चाल केली त्याच दिवशीं, त्यांनीं अधिकार हातीं घेतला. त्या वेळीं दोन लक्षांहून कमी असलेलें सैन्य १९४५ पर्यंत ८० लक्षांवर गेलें.

तथापि त्यांची खरी कसोटी १९४३ च्या अखेरीस लागली. युरोपवरील मोठ्या स्वारीचें नेतृत्व कोणास द्यावें, हा प्रश्न निघाला. तें त्यांस मिळावें असें अनेकांस वाटत होतें, आणि त्यांनीं एक शब्द टाकला असता तर तें मिळालेंहि असतें. त्यांनीं तो टाकला नाहीं. माझ्या मनाकडे न पाहतां देशाच्या हिताचें असेल तें करा, एवढेंच ते म्हणाले. नेतृत्व आयझेनहॉवर यांस मिळालें. मार्शल वॉशिंग्टनमध्यें आपल्या मेजावर काम करीत राहिले.

युद्ध संपल्यावर ते परराष्ट्रमंत्री झाले. उद्ध्वस्त युरोपास पुन्हां उभें करण्यासाठीं मदत देण्याचा विचार त्यांनीं ५ जून १९४७ रोजीं हार्वर्ड विद्यापीठांत मांडला. त्यांतून १६ राष्ट्रांस सुमारें १३ अब्ज डॉलरची मदत झाली, व या कार्याबद्दल १९५३ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

१९५० सालीं कोरियांत युद्ध पेटलें आणि अध्यक्ष ट्रूमन यांनीं सत्तरीस टेकलेल्या मार्शल यांस संरक्षणमंत्री होण्यास बोलाविलें. येथें कायदा आडवा आला. सैन्यांतील नोकरी सोडून १० वर्षें झाल्याखेरीज कोणाहि अधिकाऱ्यास हें पद देऊं नये, असा १९४७ चा निर्बंध होता. तेथील काँग्रेसनें केवळ त्यांच्यापुरता अपवाद केला, आणि हा पुढील नेमणुकांस पायंडा समजूं नये, असेंहि लिहून ठेवलें. आमच्या मतें तो निर्बंध योग्य होता आणि तो अपवादहि योग्य होता.

अपवाद योग्य कां, हें लवकरच दिसून आलें. कोरियांतील सेनापति मॅकआर्थर सरकारच्या धोरणाविरुद्ध उघडपणें बोलूं लागले. मार्शल यांनीं प्रथम सबुरीचा सल्ला दिला. पण सर्व कागदपत्र वाचल्यावर त्यांस दूर करण्याच्या निर्णयास पाठिंबा दिला. ११ एप्रिल १९५१ रोजीं मॅकआर्थर पदच्युत झाले. कीर्तिमान सेनापतीपेक्षां लोकनियुक्त सत्ता श्रेष्ठ, हें एका सेनापतीनेंच मान्य केलें. पुढें जून महिन्यांत सिनेटर मॅकार्थी यांनीं भर सभागृहांत त्यांच्या देशनिष्ठेवर चिखल उडविला. त्यांनीं उत्तर देत बसण्याचें टाळलें, आणि एक वर्षाचें कबूल केलेलें काम पुरें करून सप्टेंबरांत ते पायउतार झाले.

त्यानंतर ६५ वर्षें असा अपवाद झाला नाहीं. २००८ सालीं दहा वर्षांची मुदत सातांवर आली. आणि २०१७ सालीं मॅटिस व २०२१ सालीं ऑस्टिन या सेनापतींसाठीं तोच दरवाजा पुन्हां उघडला गेला. त्यांच्या योग्यतेविषयीं आम्हांस येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु एकासाठीं किलकिलें केलेलें दार हळूहळू उघडेंच राहूं लागतें, ही भीति खोटी नव्हे. अशा नेमणुकीच्या वेळीं उमेदवाराच्या छातीवरील पदकें मोजून भागणार नाहीं. वरिष्ठांस सत्य सांगण्याचें धैर्य त्याच्या अंगीं आहे काय, आणि निर्णय आपल्या मताविरुद्ध गेला तरी तो निष्ठेनें पाळण्याची शिस्त त्याच्या ठायीं आहे काय, हें पाहिलें पाहिजे. नुसतें धैर्य असेल तर मॅकआर्थर निपजतो. नुसती शिस्त असेल तर होयबा निपजतो.

विद्यार्थिमित्रांनो, हे दोन गुण मंत्रिपद मिळाल्यावर शिकतां येत नाहींत. वर्गनायक असतां, खेळाच्या संघांत असतां, अगदीं शेवटच्या बांकावर बसलां असतांहि ते अंगीं बाणवितां येतात. पटलें नाहीं तर तें समोर सांगा, मागें कुजबुजूं नका. आणि एकदां ठरलें म्हणजे मनापासून कामास लागा. पालकांसहि आमची एवढीच विनंति आहे कीं, मागें पडलेल्या मुलाविषयीं घरांत घाईनें भाकीत करूं नये. त्या थोरल्या भावाचें भाकीत किती खोटें ठरलें, तें सर्वांनीं पाहिलेंच आहे.