घरच्या घरी : फळी कापा, पण गुण्यात!



आमच्या अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यात वेलीला आधार दिल्याशिवाय ती सरळ चढत नाही. विजेच्या गोल करवतीचंही तसंच आहे, बरं का! मागच्या दिवाळीत आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फळ्या नुसत्या हातानं कापल्या. मी गुण्या पुढे केला, तर “कायले पाहिजे गुण्या? डोळ्याले सरळच दिसते ना!” असं उत्तर मिळालं. फळी तिरकी बसली आणि लोणच्याची बरणी घरंगळत खाली आली. मग मी घरीच हा आधार बनवला.

साहित्य : 6 मिलिमीटर प्लायचा 60 × 30 सेंटिमीटरचा तुकडा, 12 मिलिमीटर प्लायची सरळ कडेची 8 सेंटिमीटर रुंद पट्टी, 25 सेंटिमीटर लांबीचा एक सरळ ठोकळा, स्क्रू आणि दोन शिकंजे.

कृती : पातळ प्लायच्या एका लांब कडेला पट्टी स्क्रूनं बसवा. पट्टी फार जाड नको, मोटार अडते. आता करवतीचा तळ पट्टीला टेकवून प्लाय एकदा लांबीनं कापून टाका. जी नवी कड निघाली, तीच यापुढे तुमची कापायची रेघ!

खालच्या बाजूला, टोकापासून 20 सेंटिमीटरवर, ठोकळा या नव्या कडेशी काटकोनात लावा. आधी एकच स्क्रू. कोपऱ्यापासून ठोकळ्यावर 15 आणि कडेवर 20 सेंटिमीटरची खूण करा. दोन खुणांतलं अंतर बरोबर 25 भरलं की काटकोन जमला. मग दुसरा स्क्रू.

तरी खात्री करा. समांतर कडांचा एक टाकाऊ तुकडा कापा, अर्धा भाग उलटा करा आणि दोन्ही भाग सरळ पट्टीला लावून कापलेली टोकं जुळवा. फट दिसली, तर चूक तिच्या निम्मी आहे असं समजा.

कापताना ठोकळा फळीच्या आपल्याकडच्या कडेला घट्ट टेकवा, नवी कड खुणेवर आणा, शिकंजे आवळा. पातं खालून वर कापतं, म्हणून टवके वर उडतात. फळीची दर्शनी बाजू खाली ठेवा. पातं फळीखाली थोडंसंच डोकावू द्या.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. फळीची दोन्ही टोकं टेकवून मधे कधीच कापू नका. फळी वाकते, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन अंगावर उसळते. कापून पडणारा तुकडा मोकळा राहू द्या. पदर खोचा, वेणी बांधा, बांगड्या काढून ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. पातं बदलताना आधी प्लग काढा. घाईत असाल, तर ते काम उद्यावर टाका. फळी नवी आणता येते, बोट नाही.

करून पाहा. आमच्या बरण्या आता जागच्या हलत नाहीत!