मुलाखत मोठ्या कंपनीत, नोकरी मात्र ठेकेदाराकडे?

बोईसर : जव्हार, विक्रमगडहून पहाटेची एसटी पकडून तारापूर एमआयडीसीत मुलाखतीला येणारी पोरं इंग्रजीचाच धसका घेऊन बसतात. पण ऑपरेटर, हेल्परच्या जागेला भाषेपेक्षा कामाचीच विचारणा जास्त. आयटीआयचा ट्रेड कोणता? वॉल्व्ह, पंप हाताळलेत का? रात्रपाळी जमेल? अंगावर ॲसिड उडालं तर आधी काय कराल? (भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच सुपरवायझरला सांगायचं. हे मराठीत सांगितलं तरी चालतं.)

खरी गाडी अडते ती पुढे. गेटवर पाटी मोठ्या कंपनीची, पण नेमणूक ठेकेदाराच्या नावाने. ठेकेदारीचं काम बेकायदा नाही, पण कायम होण्याची आशा धरून आलेल्याची फसगत होते. म्हणून खुर्चीवरून उठण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : नेमणूकपत्र कोण देणार, पीएफ कोण भरणार, कापून हातात किती येणार. साहेबांना राग येईल म्हणून जो गप्प बसतो, त्याला हे सगळं पहिल्या पगाराच्या दिवशी कळतं.

तारापूर अणुऊर्जा केंद्राची तऱ्हा वेगळी. ते चालवणारी एनपीसीआयएल केंद्र सरकारची कंपनी. केंद्राने गट ‘क’च्या पदांसाठी मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. आयटीआयवाल्यांच्या तंत्रज्ञ भरतीत लेखी परीक्षा आणि कौशल्य चाचणी असते. मग ‘अणुऊर्जात इंटरव्ह्यूचं सेटिंग करून देतो’ म्हणत पैसे मागणारा एजंट नेमकी कुठली मुलाखत विकतोय?