गव्याला रेडा म्हणू नका

विद्यार्थी मित्रांनो, पाटण, जावळी किंवा शिराळा तालुक्यांत गवा दिसला की "गवारेडा आला" अशी हाक उठते. हे नाव आपण सोडून द्यावे, असे मला वाटते. तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? पुष्कळ आहे.

प्रथम शास्त्र पाहू. समखुरी गणातील बोव्हिडी या कुलात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट आणि चौशिंगा हे प्राणी येतात. आटपाडीचा खिलार बैल आणि माडग्याळची बाकदार नाकाची मेंढी, दोन्ही याच कुलातली. या कुलातील प्राण्यांचे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेले पोकळ आवरण. त्याला फाटे फुटत नाहीत व ते दरवर्षी गळतही नाही. चितळ-सांबरांची शिंगे भरीव, फाटे असलेली व गळणारी असतात. म्हणून त्यांचे कुल निराळे.

या कुलात म्हशीची प्रजाती 'ब्युबॅलस', तर गाईची 'बॉस'. गवाही 'बॉस'च! म्हणजे तो रेडा नव्हे. तुमच्या गोठ्यातील गाईचा तो रानातला चुलतभाऊ आहे. गाईचा खरा पूर्वज जो ऑरॉक्स, त्याचे शेवटचे जनावर १६२७ साली पोलंडमध्ये मेले. तो गेला, चुलतभाऊ अजून कोयना-चांदोलीत आहे.

आता नावाचा परिणाम पाहा. रेडा म्हटले की माजलेले, अंगावर येणारे जनावर डोळ्यांपुढे येते आणि लोक काठ्या घेऊन धावतात. वास्तविक गवा बुजरा असतो. वाट अडवली, तरच तो बिथरतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला शिरलेल्या गव्यामागे गर्दी धावली. पकडल्यावर तो मेला. असे का व्हावे? मोठ्या नराचे वजन सुमारे हजार किलो भरते. एवढे धूड सतत पळवले, की शरीराचे तापमान चढते, स्नायूंत आम्ल साठते व स्नायूंचे तंतू मोडतात. त्यांतून रक्तात उतरणारी द्रव्ये हृदयाला व मूत्रपिंडांना बाधतात. याउलट, डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात आलेल्या गव्याला वनखात्याने सुखरूप जंगलात नेले.

ज्याचा ऊस किंवा भात गव्यांनी तुडवला, त्या शेतकऱ्याचा राग खोटा नाही. त्याला भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. परंतु बघ्यांच्या गर्दीने त्याचे पीक वाचत नाही. उलट बिथरलेल्या गव्यामुळे माणसांचाही जीव जातो.

नात्याची आणखी एक बाजू आहे. लाळ्या-खुरकूत गुरांकडून गव्यांनाही होतो. बुळकांड्या रोगाने तर पूर्वी दक्षिण भारतात पुष्कळ गवे मेले. लसीकरणाच्या जोरावर २०११ साली तो रोग जगातून नाहीसा झाला. तेव्हा जंगलालगतच्या गावात गुरांना वेळेवर लस टोचणे, हे गव्याचेही रक्षण आहे.

शिक्षकांनी हा धडा फळ्यावर न संपवता मुलांना गोठ्यात न्यावे. शिंग, खूर व रवंथ दाखवावे. आणि मित्रांनो, उद्या गावात गवा आला तर मोठ्यांना सांगा, वनखात्याला कळवा, वाट मोकळी सोडा आणि घरात थांबा. वाट चुकलेल्या भाऊबंदाला आपण घरी पोचवतो. दगड मारत नाही.