मुंबईहून येणारी पिशवी आणि घरातलं बाळ

एप्रिलमधली जयंती झाली की आपल्या बौद्धवाड्यांत माणसं वाढू लागतात. मुंबई, ठाणे, विरारकडची मंडळी मेच्या सुट्टीत गावी येतात. बुद्ध पौर्णिमा गावीच करायची म्हणून काहीजण मुद्दाम रजा टाकतात. खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुठल्याही स्टेशनवर बघा, उतरणाऱ्याच्या हातात एक पिशवी जास्तीची असते. ती घरातल्या लहानग्याची. त्या पिशवीबद्दल आम्हाला बोलायचं आहे. कुणी राग मानू नये.

आम्ही बरीच वर्षं नर्स म्हणून काढली, आता वाडीवाडीत फिरून आरोग्याचं काम करतो. एका मे महिन्यात दहा महिन्यांचं बाळ कपाळ फुटून आलं होतं. आत्याने मुंबईहून वॉकर आणलेला. आपल्या घरांना पुढे ओटा, ओट्याला कठडा नाही, खाली दोन-तीन पायऱ्या आणि मग चिऱ्याचा दगड. बाळ वॉकरसकट खाली गेलं. टाके घालेपर्यंत आत्या बाकावर बसून रडत होती आणि बाळाची आईच तिची समजूत घालत होती. आत्या चहाला गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, "वॉकर नको हे मला ठाऊक होतं. अंगणवाडीच्या सेविकेनं सांगितलं होतं. पण नणंद एवढ्या हौसेनं घेऊन आली, तिला नाही कसं म्हणायचं?"

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकलं आहे. आईला माहिती असते, पण तिला बोलता येत नाही.

आणि देणाऱ्याचं मनही आम्हाला कळतं. आमच्या पिढीला विकतचं खेळणं माहीत नव्हतं. पोफळीच्या विरीवर एकाने बसायचं, दुसऱ्याने ओढायचं, हीच आमची गाडी. ज्या मामाने असं बालपण काढलं, त्याला पहिल्या पगारानंतर भाचराच्या हातात चकचकीत डबा द्यावासा वाटणारच. त्यात स्वाभिमान आहे. म्हणून आम्ही कुणाला "आणू नका" म्हणत नाही. काय आणायचं हे बाळाच्या घराने आधी ठरवावं आणि आधी कळवावं, एवढंच म्हणतो. वस्तू दारात आल्यावर नाही म्हटलं की माणूस दुखावतो. महिनाभर आधी सांगितलं तर तोच माणूस आनंदाने विचारतो, "मग काय आणू?"

वॉकर तर नकोच. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट रांगायचं आणि धरून उभं राहायचं राहून जातं. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्रीच बंद केली.

नामकरणाला येणारा बाटली आणि पावडरच्या डब्याचा संचही नको. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, बाळाच्या दूध पावडरची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे. कायदा का करावा लागला ते वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. पहिला डबा भेट म्हणून येतो, दुसरा विकत घ्यावा लागतो. पैसे कमी पडले की पावडर कमी आणि पाणी जास्त होतं. बाटली दर वेळी उकळली जात नाही, बाळाला जुलाब लागतात. तोवर अंगावरचं दूधही कमी झालेलं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. ज्यांना खर्च करायचाच आहे त्यांनी तो आईच्या ताटावर करावा. अंडी, कडधान्यं, सुकी मासळी द्या, बाळापर्यंत ते पोचतं.

सगळ्यात जास्त भीती आम्हाला वाटते ती बटणासारख्या चपट्या सेलची. गाणारं कार्ड, दिव्याची बाहुली, छोटा रिमोट, सगळ्यांत तो असतो. मुलाने गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. बाहेरून काही दिसत नाही, मूल फक्त लाळ गाळतं, खात नाही, खोकतं. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, केळं भरवून वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि जिथे एक्स-रे निघतो त्या रुग्णालयात थेट न्या. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं दुकानातच ठेवा. लहान लोहचुंबकाचे तुकडेही तसेच. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात.

मापाची आमची घरगुती खूण आहे. अंगठा आणि त्याशेजारचं बोट टोकाला जुळवून कडं करा. त्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. खेळण्यावर आयएसआयचा शिक्का बघा, १ जानेवारी २०२१ पासून तो बंधनकारक आहे. हेच माप गळ्यातल्या मण्यांनाही लावा. नजरेचा काळा दोरा आपण सोडला म्हणतो, पण "शोभेला" म्हणून तो परत येतो. झोपेत दोरा गळ्याला आवळतो, मणी तुटून तोंडात जातो.

खाऊचंही तेच. शेंगदाणा, फुटाणा, आख्खा काजू चार-पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, श्वासनळीत जातो. कूट करून द्या. आणि मे महिन्यात दारात आंबा-फणस पडलेला असताना मुंबईहून मिठाच्या कुरकुरीत पाकिटांची माळ कशाला आणायची, हे आम्हाला आजवर समजलेलं नाही. जुना मोबाइल "बाळाला गाणी बघायला" देणाऱ्या काकांनाही हात जोडून सांगणं आहे. दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

मग आणायचं काय? मच्छरदाणी. पावसाळ्याआधी प्लास्टिकची चप्पल आणि रेनकोट. जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक. मोठा चेंडू. मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं, ते २५० रुपयांत उघडतं आणि पुढे दर वर्षी मामा-आत्या त्यात भर घालू शकतात. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, हे आपण दर जयंतीला ऐकतो. त्याआधी गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत त्या मुलाला वाचत बसलेलं पाहिलं होतं. मूल पाहून दिलेली भेट होती ती.

आता सांगायचं कुणी? आमचा अनुभव असा की सुनेने सांगितलं तर ते उलट उत्तर ठरतं. म्हणून ज्याचं माणूस त्याने सांगावं. नवऱ्याने आपल्या बहिणीला, बायकोने आपल्या भावाला, आजीने आपल्या लेकीला. व्हॉट्सॲपवर दोन ओळी पुरतात: "जयभीम ताई. बाळ आता रांगतंय. येताना वॉकर आणि सेलची खेळणी नको, मच्छरदाणी आणलीस तर बरं होईल. बाळ तुझी वाट बघतंय." ही शेवटची ओळ विसरू नका.

आणि गावच्या मंडळांना एक विनंती. एप्रिलमध्ये मुंबई शाखेची सभा होते, वर्गणीचा हिशोब वाचला जातो. त्याच सभेत पाच मिनिटं एखाद्या शिकलेल्या मुलीला उभं करून ही यादी वाचायला सांगा. पुरुष मंडळी हसतील, पण पिशवी भरतात तेच, म्हणून त्यांच्यासमोरच वाचली पाहिजे.