डोळे मिटले की तोल का जातो?

परवा एका आजोबांना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. अंघोळीच्या वेळी त्यांनी उभ्यानेच तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि ते मोरीतच कोसळले. सुदैवाने मनगटावरच निभावले. “वय झालं, चालायचंच,” मुलगा म्हणाला. हे वाक्य मी नेहमी ऐकतो आणि मला ते मुळीच पटत नाही.

आपला तोल तिघे मिळून सांभाळतात : डोळे, कानाच्या आतल्या भागातील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, सांधे व स्नायूंकडून मेंदूला मिळणारी जाणीव. वयानुसार तिघेही थोडेफार थकतात. एक कमी पडला तर उरलेले दोघे बरेचसे सांभाळून घेतात. या आजोबांना जुना मधुमेह. त्यामुळे तळपायांची जाणीव बोथट झालेली आणि सारी भिस्त डोळ्यांवर. डोळे मिटताच तोही आधार गेला. मी त्यांना पाय जुळवून उभे केले, डोळे मिटायला सांगितले. लगेच ते झुलू लागले. रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीला यंत्र लागत नाही. मात्र घरी एकट्याने ती करून पाहू नये.

रात्री लघवीला उठताना हेच घडते. वीज वाचावी म्हणून आपण दिवा मालवतो आणि म्हाताऱ्या माणसाचे डोळेच काढून घेतो. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया आणि अंथरुण. त्यापुढे दिव्याचे बिल ते किती?

म्हणून वाचकहो, माझे सांगणे एवढेच. मोरीत बसायला न घसरणारे स्टूल आणि भिंतीला पक्की दांडी हवी. संडासच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहू द्या. मोतीबिंदू अंगावर काढू नका. मधुमेह असेल तर पायांची जाणीव तपासून घ्या. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवा. आणि पडण्याच्या भीतीने वडीलधाऱ्यांना खुर्चीत बसवून ठेवू नका. न चालणारे पाय अधिकच दुबळे होतात.

वय कुणाला चुकले आहे? पडणे मात्र पुष्कळदा चुकवता येते.