मंगळावर जीवसृष्टीची खूण? नारळीकरांच्या प्रयोगातून समजून घ्या, पुरावा कशाला म्हणतात

मंगळावरच्या एका खडकात जीवसृष्टीची संभाव्य खूण आढळल्याचं नासाने 10 सप्टेंबर 2025 रोजी जाहीर केलं. मग मंगळावर जीवसृष्टी सापडली, असं म्हणायचं का? अजून नाही. इथे 'संभाव्य' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे महाराष्ट्रातल्याच एका शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून नीट समजतं.

मंगळावर काय सापडलं?

पर्सिव्हिअरन्स रोव्हरने जुलै 2024 मध्ये जेझेरो विवराजवळच्या एका प्राचीन नदीपात्रातला खडक तपासला आणि त्याचा नमुना घेतला. खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके होते. त्यांत व्हिव्हिएनाइट आणि ग्रेगाइट या लोहयुक्त खनिजांच्या खुणा मिळाल्या. पृथ्वीवर चिखलातले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचं विघटन करतात, तेव्हा अशी खनिजं तयार होऊ शकतात.

पण सूक्ष्मजीवांशिवायही ती तयार होऊ शकतात. उदाहरणार्थ, जास्त तापमानात. हा खडक तसा तापल्याच्या खुणा दिसत नाहीत, त्यामुळे शास्त्रज्ञांची उत्सुकता वाढली. तरी निर्जीव रसायनक्रियेची शक्यता पूर्णपणे मिटलेली नाही.

नारळीकरांचा प्रयोग काय होता?

पुण्यातल्या 'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली 2001 आणि 2005 मध्ये हैदराबादहून मोठे फुगे आकाशात सोडण्यात आले. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील का, हे त्यांना तपासायचं होतं. दुसऱ्या प्रयोगात 20 ते 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेतले गेले. विरारहून लोकलने अंधेरीला जायला जेवढं अंतर पडतं, जवळपास तेवढं सरळ वर!

हैदराबादच्या 'सीसीएमबी' आणि पुण्याच्या 'एनसीसीएस' या संस्थांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू नव्या प्रजातींचे निघाले. ते अतिनील किरणांनाही जास्त दाद देत नव्हते. एका प्रजातीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं नाव देण्यात आलं.

तरीही मार्च 2009 मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केलं, की हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यातून सिद्ध होत नाही. ते पृथ्वीवरूनच वर गेले असण्याची शक्यता उरत होती.

मग पुरावा कधी मानायचा?

दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. खूण मिळणं ही सुरुवात असते. इतर सगळी स्पष्टीकरणं एकेक करून बाद झाली, तरच तो पुरावा ठरतो.

मंगळाच्या बाबतीत त्यासाठी नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आणावा लागेल, कारण रोव्हरवरच्या उपकरणांना मर्यादा आहेत. खरी अडचण इथेच आहे. नमुने परत आणण्याची नासाची मोहीम खर्चाच्या वादात अडकली होती आणि ट्रम्प प्रशासनाने मे 2025 च्या अर्थसंकल्प प्रस्तावात ती रद्द करण्याची शिफारस केली. दुसरीकडे चीनची तियानवेन-3 मोहीम 2028 च्या सुमारास निघणार असून, 2031 च्या आसपास मंगळावरचे नमुने आणण्याचं तिचं उद्दिष्ट आहे. मात्र ते नमुने दुसऱ्या ठिकाणचे असतील.

म्हणजे ठिपक्यांच्या त्या खडकाचं उत्तर आज एका नळीत बंद आहे. ती नळी पृथ्वीवर पोहोचेपर्यंत 'संभाव्य' हा शब्द गाळून बातमी वाचू नये.